ताटं आधी, मासा नंतर

प्रिय,

दोघांच्या जेवणाला ओव्हनमध्ये मासा करायचा आहे, पण तो कोरडा पडेल अशी धास्ती वाटते, असं लिहिलंस. धास्ती रास्त आहे. मसाला कमी-जास्त झाला तर निभावून नेता येतं. चार मिनिटं जास्त भाजलेला मासा मात्र सावरत नाही. म्हणून माझा आग्रह एकच: बाकीचं जेवण आणि ताटं तयार होत आल्याशिवाय मासा आत ढकलू नकोस.

माशाचे स्नायू आखूड असतात, पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले. त्यांना जोडून ठेवणारं कोलॅजन थोडंच असतं आणि कमी उष्णतेवरही विरघळतं. त्यामुळे मासा झटकन शिजतो आणि तितक्याच झटकन कोरडाही होतो. शिजताना कडेला पांढरं, साकळल्यासारखं काही दिसेल, ते माशातलं प्रथिन. थोडं आलं तर काळजी नको. भरभरून आलं, तर आतला रस निघून चाललाय.

काटे काढलेले तुकडे दोघांना मिळून 300 ते 350 ग्रॅम पुरतात. तुकडे सारख्या जाडीचे बघून घे. शेपटीकडचा भाग पातळ असेल तर तो खाली दुमडून ठेव. अख्खा मासा घेणार असशील, तर डोळे फुगीर नि चकचकीत हवेत, कल्ले लाल, आणि बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. गोठवलेला मासा आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये खाली काढून ठेव, ओट्यावर नको.

भाजण्याआधी तुकडे कोरड्या कागदाने नीट टिपून घे. हे काम क्षुल्लक वाटतं, म्हणून टाळलं जातं. पण ओला मासा आधी वाफेवर शिजतो आणि वरून रंग धरत नाही. मग मीठ लावून 15 मिनिटं ठेव. पाणी सुटलं तर पुन्हा टिप, आणि त्यानंतर तेल, मिरपूड, ठेचलेला लसूण. लिंबू मात्र शेवटी. आंबटपणाने माशाचा वास कमी होतो हे खरं, पण लिंबू आधीपासून लावून ठेवलं तर वरचा थर न शिजताच पांढरा नि घट्ट होतो, आणि शिजल्याचा अंदाज चुकतो.

ओव्हन 200 अंशांवर पूर्ण तापू दे. सोबत बटाटे हवे असतील तर त्यांच्या पातळ चकत्या तेल-मीठ लावून 20-25 मिनिटं आधी ट्रेमध्ये घाल. चकत्यांत सुरी सहज जायला लागली की मासा त्यांच्यावर ठेव. टोमॅटो आणि कांद्याचे पातळ काप माशाबरोबरच जाऊ देत. तुकड्यांमध्ये जागा सोड, गर्दी झाली की पुन्हा वाफच धरते. पहिल्या खेपेला फारच भीती वाटत असेल तर मासा फॉइलमध्ये गुंडाळून भाज. कोरडा पडायची शक्यता कमी होते, पण वरून खरपूस होत नाही. मला उघडाच आवडतो.

अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला साधारण 12 ते 15 मिनिटं लागतात, पण दहाव्या मिनिटालाच दार उघडून बघ. सुरीचं टोक सगळ्यात जाड भागात घाल आणि हलकेच फिरव. पापुद्रे अडून राहिले, मध्ये काचेसारखी चमक दिसली, तर अजून दोन मिनिटं. पापुद्रे आपसूक सुटले आणि मध्ये जेमतेम ओलसर झाक राहिली, की लगेच बाहेर काढ. गरम ट्रेवर तो आणखी थोडा शिजतोच. थर्मामीटर असेल तर आत 63 अंश सेल्सिअस हा सुरक्षिततेचा आकडा धर; जेवणारं कुणी गरोदर, वयस्कर किंवा आजारी असेल तर तो गाठल्याशिवाय वाढू नकोस.

उलटायची गरज नाही. दोन मिनिटं थांब, लिंबू पिळ, ट्रेमध्ये सुटलेला रस वरून घाल आणि लगेच बसा. उरलाच, तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी तो गरम करायला जाऊ नकोस. कुस्करून, लिंबू नि कांदा घालून गारच खा.