हप्त्याचा संदेश आणि रात्रीची खरेदी

“पगार बरा आहे, कसले व्यसन नाही, तरी क्रेडिट कार्डाची थकबाकी फिटत नाही. माझ्यातच संयम नाही का?” हा प्रश्न समुपदेशनात माझ्यासमोर इतक्या जणांनी मांडला आहे की, त्यांपैकी एकाची हकिगत, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे सांगते.

हे गृहस्थ चाळिशीचे होते. पहिल्या भेटीत त्यांनी कार्डाच्या विवरणांची पाकिटे आणली, पण त्यांतले एकही फोडलेले नव्हते. थकबाकीपैकी दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम वेळेवर भरतो, एवढ्यावर ते समाधानी होते. महिन्याला ३ टक्के व्याज आणि ५ टक्के किमान भरणा धरला, तर थकबाकी दरमहा जेमतेम २ टक्क्यांनी घटते. म्हणजे काहीही नवे न घेता वर्षाअखेर तीन चतुर्थांशांहून अधिक कर्ज शिल्लक राहते, हे मी कागदावर मांडून दाखवले. ते खिन्न झाले, आणि पुढच्या महिन्यात त्यांची खरेदी वाढली.

मग मी हिशेब बाजूला ठेवला. प्रत्येक खरेदीसमोर, तिच्या आधीच्या तासाभरात काय घडले ते पेन्सिलीने लिहायला सांगितले. ते बराच वेळ मोबाइलवरच्या तारखा आणि वेळा जुळवत राहिले.

“मॅडम, या रात्री हप्त्याचा संदेश आला होता. याही रात्री.”

“तो वाचून मनात काय आले?”

“की मी नालायक आहे. बायकोला कळले तर तिच्या नजरेतून उतरेन.”

“आणि मग?”

“काहीतरी बघत बसायचो. मागवले की तेवढ्यापुरते बरे वाटायचे.”

खर्चामुळे कर्ज होते, हे सर्वांना ठाऊक आहे. येथे कर्जाची लाज खर्च करवत होती, आणि हे त्यांनी स्वतः शोधले, याचे मला आजही समाधान वाटते. घटना आणि कृती यांच्यामध्ये एक विचार उभा असतो, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे म्हणणे मला अशा वेळी नेहमी पटते. त्यात कार्डामुळे पैसे देण्याची टोचणीही बोथट होते. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांच्या २००१ मधील प्रयोगात, सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणार असलेल्यांनी रोखीने देणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक बोली लावली होती.

म्हणून अशा व्यक्तीला मी काटकसरीचा उपदेश करत नाही. विवरण आले त्याच दिवशी उघडावे, घरातल्या एका माणसाला खरी रक्कम सांगावी, मोबाइलमध्ये साठवलेला कार्डाचा क्रमांक काढून टाकावा आणि किमान रकमेऐवजी स्वतः ठरवलेली, त्याहून मोठी रक्कम भरावी, असे सुचवते. यांतले सर्वांत अवघड काम दुसरे. या गृहस्थांना पत्नीशी बोलायला पाच आठवडे लागले, आणि तेवढे लागू देणे योग्यच होते.

गेल्या भेटीत त्यांनी फोडलेले विवरण आपणहून माझ्यापुढे ठेवले. त्यात रात्रीची एकच खरेदी होती आणि तिच्यासमोर पेन्सिलीने लिहिले होते : “संदेश आला होता. कळत होते. तरी घेतले. सकाळी हिला सांगितले.”