इंदूर ते टोकियो: जायला कमी, यायला जास्त

ताई, आई-बाबांच्या इंदूर-टोकियो तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करून तुम्ही चक्रावलात, ते साहजिक आहे. रात्री ८ ला दिल्ली सोडून सकाळी ७ ला टोकियो, म्हणजे अकरा तास. परतीला सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५ ला दिल्ली, म्हणजे जेमतेम सहा. खरं तर उलट आहे. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं. तेवढा फरक काढलात की जाताना साडेसात तास आणि येताना साडेनऊ. तेव्हा आई-बाबांचा कस परतीला लागणार, हे धरूनच चला.

हे दोन तास वारा खातो. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरकस पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानवर तर हिवाळ्यात तो कधीकधी ताशी ३०० किमीच्याही पुढे जातो. जाताना हा वारा पाठीशी, येताना तोंडावर. गंमत म्हणजे वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने फुगे सोडून हा वारा मोजला होता आणि १९२६ मध्ये त्याचा अहवाल चक्क एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. जगाने वाचावा म्हणून छापला, आणि जगाने तो वाचलाच नाही!

आता अंतर. दिल्ली ते टोकियो सरळ रेषेत सुमारे ५,८५० किमी. पण पृथ्वीच्या गोलावरची ही सरळ रेषा तिबेटच्या पठारावरून जाते, आणि तिथून प्रवासी विमानं सहसा नेत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान लगेच ३ किमीच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांचाच असतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किमी उंच, उतरणार कुठे? म्हणून विमान हिमालयाच्या दक्षिणेकडून, ईशान्य भारत-म्यानमारवरून चीनमध्ये शिरतं. त्यात काहीशे किलोमीटर वाढतात. तुम्हाला दोन साइटवर अंतराचे दोन आकडे दिसले ते बहुधा यामुळेच.

इंदूरहून थेट विमान नाही. मुंबईपेक्षा दिल्ली बरी, कारण मुंबईहून टोकियो साडेसहा हजार किमीच्या वर जातं. इंदूर-दिल्ली साधारण दीड तासात होतं, पण खरा वेळ दिल्लीत थांबण्यात जातो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढलीत तर बॅगा दिल्लीत सोडवून पुन्हा चेक-इन करावं लागेल. आपल्या इंदूरच्या, बिजासनच्या छोट्या विमानतळाची सवय असलेल्या माणसांची तिथे दमछाक होते. दोन तिकिटांत चार पैसे वाचतात, पण या वयात मी तरी ते वाचवणार नाही. मधे चार तास ठेवा आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा. बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही दिवसांसाठी लिहून घ्या.

परतीचं विमान दिवसाचं असेल तर सीट उजव्या खिडकीची घ्या. आकाश मोकळं असलं तर बिहार-उत्तर प्रदेशावरून हिमालय दिसतो.

आणि टोकियोला दोन विमानतळ आहेत; तिकिटावर हानेदा आहे की नारिता, ते नीट बघा. हानेदा शहरालगत आहे, नारिता जवळजवळ ६० किमी लांब. न्यायला येणाऱ्या मुलालाही ते आधीच कळवा.