समोर वादळी ढग असताना एटीसीने वळायला नकार दिला तर?

तुमचा प्रश्न असा आहे: विमानाच्या वाटेत विजांचे ढग आले तर कुठून वळायचं हे पायलट ठरवतो की एटीसी, म्हणजे जमिनीवरून विमानांची वाहतूक सांभाळणारं नियंत्रण? आणि एटीसीने परवानगी दिलीच नाही तर?

ढगाला कुठल्या बाजूने वळसा घालायचा हे पायलट ठरवतो आणि त्या बाजूला दुसरं विमान नाही ना, हे एटीसी बघते. मी प्रवासी विमानावर को-पायलट आहे, त्यामुळे कॉकपिटमधून जे दिसतं ते सांगतो.

आम्ही ज्याला टरकतो तो विजांचा उंच ढग म्हणजे क्युम्युलोनिंबस, बोलताना नुसता 'सीबी'. जुलैत मुंबईवर दिवसभर कोसळणाऱ्या पावसाची प्रवाशांना धास्ती असते, पण मला विचाराल तर मे महिन्यातला वळीव जास्त डोकेदुखीचा. दुपारपर्यंत लख्ख असलेल्या आकाशात चारच्या सुमाराला पुणे-सोलापूर पट्ट्यात ढग उभे राहतात आणि काहींचे माथे ५०,००० फुटांच्या वर जातात. आमचं विमान ३९,००० च्या आसपास थकतं. म्हणजे वरून जाता येत नाही, आणि खालून जायचा तर विचारही करायचा नाही.

विमानाच्या नाकात बसवलेलं रडार पावसाचे थेंब दाखवतं: हिरवा, पिवळा, लाल असा चढता जोर. खोच अशी की ३६,००० फुटांवर ढगाच्या माथ्यात थेंब नसतात, बर्फाचे स्फटिक असतात, आणि ते रडारला जेमतेम दिसतात. रडारचा झोत सरळ ठेवला तर समोरचा राक्षस फिकट हिरवा ठिपका वाटतो. एक-दोन अंश खाली झुकवला की तोच लालभडक होतो. नवीन रडार हे आपणहून करतात, तरी हाताने पडताळायची सवय सुटत नाही. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे काळा पट्टा. मुसळधार पाऊस झोत गिळून टाकतो आणि लाल भागाच्या मागे पडद्यावर काहीच उमटत नाही. ती मोकळी वाट समजून कुणी घुसला तर संपलं. १९७७ साली अमेरिकेत सदर्न एअरवेजचं एक डीसी-९ असंच भयंकर पाऊस-गारांत शिरलं, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते रस्त्यावर उतरवताना कोसळलं.

जोरदार सीबीपासून निदान २० नॉटिकल मैल, म्हणजे ३७ किलोमीटर, लांब राहायचं. शक्यतो वारा जिकडून येतो त्या बाजूने, कारण दुसऱ्या बाजूला गारा ढगाबाहेर स्वच्छ हवेतही फेकल्या जातात. ढग ८० मैलांवर असताना १५ अंश वळलं तरी हे अंतर मिळतं. ३० मैलांवर जाग आली तर ४० अंशांहून जास्त वळावं लागतं. म्हणून लवकर मागायचं: "रिक्वेस्ट ट्वेंटी माइल्स लेफ्ट ऑफ ट्रॅक, ड्यू वेदर", म्हणजे हवामानामुळे मार्गाच्या डावीकडे वीस मैल जाऊ द्या.

उत्तर बहुतेक वेळा "अप्रूव्हड, रिपोर्ट क्लिअर ऑफ वेदर" (परवानगी आहे, ढग पार झाले की कळवा) असं येतं. पण कंट्रोलरची अडचणही समजून घ्या. सगळ्यांना ढगांमधली तीच फट हवी असते, समोरून येणाऱ्यांनाही. त्यात लष्करी हद्दी. पुण्याची एटीसी हवाई दलाची, गोव्यातल्या दाबोळीची नौदलाची, आणि त्यांच्या राखीव क्षेत्रात वाटेल तसं शिरता येत नाही. मग "अनएबल लेफ्ट, राइट अव्हेलेबल" अशी घासाघीस चालते. चांगला कंट्रोलर न विचारता सांगतो की पुढचं विमान उजवीकडून गेलं.

साफ नकार आला तर दुसरी बाजू, घिरट्या, मागे फिरणं किंवा दुसरा विमानतळ. यातलं काहीच जमत नसेल तर कॅप्टनला आणीबाणी जाहीर करून वळण्याचा अधिकार आहे. अरबी समुद्रासारख्या एटीसीच्या रडारच्या आवाक्याबाहेरच्या भागात तर नियमच लिहिलेला आहे: परवानगी मिळेना आणि वळणं भाग असेल तर वळा, दिवे लावा, आसपासच्या विमानांना रेडिओवर सांगा, आणि मूळ मार्गापासून ५ मैलांपलीकडे जात असाल तर ३०० फूट वर किंवा खाली व्हा, म्हणजे कुणाच्या पातळीत येणार नाही.

पण हे सगळीकडे चालत नाही. २१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या इंडिगोच्या विमानासमोर पठाणकोटजवळ असाच ढग आला. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, निवेदनानुसार वैमानिकांनी डावीकडे, सीमेच्या दिशेने, वळायची परवानगी मागितली. हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलने ती दिली नाही. पाकिस्तानातल्या लाहोरच्या एटीसीला विचारलं, तिथेही नकार. पाकिस्तानची हद्द एप्रिलपासूनच भारतीय विमानांना बंद होती. मागे फिरायचा प्रयत्न झाला, पण तोवर ढग इतका जवळ आला होता की त्यातूनच, कमीत कमी अंतराने, बाहेर पडायचं ठरलं. गारांनी विमानाचं नाक फुटलं, वेग दाखवणारी यंत्रणा बेभरवशाची झाली, एका क्षणी विमान मिनिटाला ८,५०० फूट वेगाने खाली येत होतं. 'पॅन पॅन' हा तातडीचा संदेश देऊन ते श्रीनगरला उतरलं. कुणालाही इजा झाली नाही.