बॅचिंगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: प्रोग्रॅममध्ये एकाच सुमारास आलेले बरेच फंक्शन कॉल (म्हणजे 'एवढं काम करून दे' अशा मागण्या) गोळा करून एकदम पाठवणं, या 'बॅचिंग'ला 'तुकडीकरण' म्हटलं तर चालेल का?

मला नाही पटत. तुकडी विद्यार्थ्यांची, सैनिकांची. आणि 'करण' लावलं की त्यातला तुकडा वर येतो. अखंड वस्तू फोडल्यासारखं वाटतं. इथे तर उलट, सुटं ते एकत्र येतंय.

माझं मत 'घाणा'. भज्यांचा पहिला घाणा काढला, दुसरा टाकला, असं आपण रोज म्हणतो. कढईत एका वेळी मावेल तेवढं म्हणजे एक घाणा. स्वयंपाकघरातला शब्द संगणकात कसा, असं कुणी म्हणेल. पण इंग्रजी 'बॅच' तरी कुठून आला? तोही 'बेक'च्या कुळातला, मूळ अर्थ एका वेळी भट्टीत भाजलेले पाव. (घाणा म्हटलं की कुणाला घाण आठवते, कुणाला तेलघाण्याचा बैल. आठवू दे.)

आता प्रत्यक्ष काम. पानावर वीस लेख आहेत, प्रत्येकाला आपल्या लेखकाचं नाव हवंय. सरळ लिहिलं तर लेखांसाठी एक आणि लेखकांसाठी वीस, असे डेटाबेसकडे एकवीस हेलपाटे. फेसबुकने २०१५ साली खुल्या केलेल्या डेटालोडरसारखं साधन काय करतं, तर वीस कॉल लगेच पुढे धाडत नाही. चालू काम हातावेगळं होईपर्यंत आलेले लेखकांचे आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, जमवतं आणि सगळ्यांची मिळून एकच मागणी करतं. एकविसाचे दोन होतात.

ही सांगली-कोल्हापूरकडची वडाप (शेअर जीप) नव्हे बरं का, सीट भरेपर्यंत थांबायला. तीनच कॉल आले असतील तर हे साधन तिघांना घेऊन निघतं. एका घाण्याची कमाल मर्यादा १०० ठेवली आणि १३० आले, तर मात्र दोन घाणे.

घाणा शब्द आणखी एका ठिकाणी चपखल बसतो. कढईत वडे आणि मिरच्या एकत्र तळल्या तरी ज्याच्या प्लेटमध्ये जे जायचं तेच गेलं पाहिजे. डेटालोडरने आयडी ज्या क्रमाने दिले त्याच क्रमाने आणि तितकीच उत्तरं त्याला परत द्यावी लागतात. डेटाबेस मात्र ओळी (नोंदी) आपल्या सोयीने देतो, आणि खोडलेल्या लेखकाची ओळ देतच नाही. मी एकदा आल्या तशाच ओळी पुढे सरकवल्या. एक जागा कमी पडली आणि तिथून खालच्या सगळ्या लेखांना भलत्यांचीच नावं लागली. तिथे रिकामी जागा रिकामी म्हणूनच ठेवायची असते.

घाण्याच्या जोडीला 'खेप' घ्या. जमवलेला गठ्ठा तो घाणा, सर्व्हरपर्यंतची ये-जा ती खेप: 'वीस कॉलांचा घाणा एका खेपेत आणला.' ऑफिसात बोलताना 'बॅच कर' म्हणा खुशाल, मीही म्हणतो.