वाचकांचे प्रश्न : वरचे पाणी, खालचे पाणी

प्रश्न : मी अंबाजोगाईचा निवृत्त शिक्षक आहे. धनेगावच्या मांजरा धरणावर गेली चाळीस वर्षे गळ टाकून बसण्याचा छंद जोपासला आहे. माझी मुलगी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कॅमलूप्स येथे असते. गेल्या ऑगस्टमध्ये जावयांनी मला तिथल्या एका शांत तळ्यावर रेनबो ट्राउट धरण्यासाठी होडीतून नेले. चार दुपारी बसूनही एकच मासा लागला, तोही बराच खोल. फोटो काढून मी त्याला परत सोडले. परंतु थोड्याच वेळात तो उताणा होऊन पाण्यावर तरंगताना दिसला. ती गोष्ट अजून मनातून जात नाही. यंदा पुन्हा जाण्याचा योग आहे. माझे काय चुकले?

उत्तर : गुरुजी, सोडलेल्या माशाचे काय झाले हे मागे वळून पाहणारा माणूस या छंदाला शोभतो, म्हणून आपल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे.

आपल्या भागात पोहायला शिकलेल्या कोणालाही मे महिन्यातली विहीर आठवत असेल. काठावरून सूर मारला की पहिले हातभर पाणी कोमट लागते आणि पाय खाली जाताच एकदम गार पाण्याची कड पोटऱ्यांना जाणवते. उन्हाळ्यात खोल तळ्याचेही तसेच होते. उन्हाने तापलेले पाणी हलके असल्यामुळे वर राहते, थंड पाणी जड असल्यामुळे तळाशी राहते आणि वारा फारसा नसेल तर दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वरून पाहणाऱ्याला तळे एकसारखे आणि शांत दिसते. माशाच्या दृष्टीने मात्र ते मजल्यांचे घर असते.

रेनबो ट्राउट हा मुळात उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याकडील आणि रशियातील कामचाटकाकडील थंड पाण्याचा मासा आहे. साधारण 10 ते 18 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो खातो, फिरतो आणि वाढतो. 20 अंशांच्या पुढे त्याची भूक मंदावते आणि 25 अंशांच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. यात प्राणवायूचा मोठा भाग आहे, कारण पाणी तापत जाते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 10 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच. रोहू तेवढ्यात सुखाने राहतो. ट्राउटची गरज जास्त आहे आणि गरम पाण्यात ती आणखी वाढते.

ऑगस्टच्या दुपारी आपला ट्राउट खोल थंड थरात होता. गळाला लागल्यावर तो जिवाच्या आकांताने झुंजला, त्याचे स्नायू थकले आणि रक्तातले आम्ल वाढले. अशा अवस्थेत तो वरच्या कोमट, कमी प्राणवायूच्या पाण्यात आला आणि त्यानंतर फोटोसाठी काही काळ हवेत राहिला. बहुधा कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थरही निघाला असावा; तो थर म्हणजे रोगजंतूंपासून माशाचे कवच असते. थकलेल्या माशाला पुन्हा थंड थरापर्यंत उतरण्याचे बळच उरले नाही. आपण त्याला जाणूनबुजून त्रास दिला नाही हे खरे, परंतु कारण कळले तर पुढच्या वेळी ते टाळता येईल.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे महिना बदलणे. कॅमलूप्सच्या आसपासच्या पठारांवरील तळी हिवाळ्यात गोठतात आणि उंचीप्रमाणे एप्रिल-मेमध्ये त्यांवरचा बर्फ निघतो. त्यानंतरच्या काही आठवड्यांत आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पाणी वरपासून खालपर्यंत थंड असते, त्यामुळे ट्राउट काठाजवळच्या उथळ पाण्यातही येतो. (कॅमलूप्स हे आपल्या मराठवाड्याप्रमाणेच डोंगरांच्या पर्जन्यछायेत वसलेले कोरडे गाव आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच. फरक आहे तो थंडीचा, आणि ट्राउटला तोच फरक मानवतो.) भर उन्हाळ्यातच जाणे झाले तर पहाटे जावे, आणि वरचे पाणी 18-19 अंशांच्या वर असेल तर मासा धरून सोडण्याचा खेळ करू नये. खाण्यापुरता एखादा नियमात बसणारा मासा घ्यावा आणि गळ गुंडाळावा.

पाण्याचा थर शोधण्यासाठी एक जुनी युक्ती सांगतो. अरुंद तोंडाच्या बाटलीला वजन बांधा, दोरीला दर मीटरवर गाठ मारा आणि बुचाला वेगळी सुतळी लावा. बाटली हव्या त्या खोलीवर गेली की सुतळीला हिसका देऊन बूच काढा, मिनिटभर थांबून बाटली वर ओढा आणि लगेच थर्मामीटर बुडवा. ज्या गाठीवर पारा एकदम तीन-चार अंश उतरतो, तिच्या जरा खाली ट्राउट असण्याचा संभव अधिक. फार तळाशी मात्र जाऊ नये, कारण उन्हाळा सरत येतो तसा पुष्कळ तळ्यांच्या तळातला प्राणवायू कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे संपत आलेला असतो. वरून उष्णता आणि खालून घुसमट यांमध्ये मासा एका पातळ थरात अडकून राहतो.

आता गळाविषयी. आपल्याला मरळीची सवय आहे. तिला बेडकीचे आमिष लावून जोरात हिसका द्यावा लागतो. तसा हिसका दिल्यास ट्राउटचे ओठ फाटतात किंवा दोरा तुटतो. त्या तळ्यांत ट्राउटचा मोठा आहार म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या बारीक किड्यांच्या अळ्या व कोष. हेच किडे संध्याकाळी आपल्या धरणांवरच्या दिव्यांभोवतीही घोंघावतात. तळच्या गाळातून हे कोष अतिशय संथपणे वर येतात आणि ट्राउट तळापासून हात-दीड हातावर फिरत ते टिपतो. म्हणून वसंतात त्यांच्यासारखा दिसणारा 12 ते 16 नंबरचा बारीक गळ (नंबर जितका मोठा तितका गळ लहान), दोन-अडीच किलो ताण सोसणारा पारदर्शक दोरा आणि छोटे बूच एवढे पुरते. खोली ठरवण्यासाठी तिथले जाणकार गळाला एक लहान चिमटा अडकवून तो तळाला टेकेपर्यंत सोडतात, दोऱ्यावर पाण्याच्या पातळीशी बूच बसवतात, मग ते फूटभर खाली सरकवून चिमटा काढून घेतात. आपला गळ आता तळापासून फूटभर वर, बरोबर ट्राउटच्या वाटेवर लटकतो. त्यानंतर काहीही न करणे हीच कला आहे. बूच बुडेलच असे नाही. ते नुसते थबकले किंवा किंचित तिरके झाले तरी काठी हलकेच उचलावी. चाळीस वर्षे रोहूच्या नाजूक ओढीवर नजर ठेवलेल्या माणसाला हे शिकवावे लागणार नाही.

सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकावा, हात ओले करावेत, मासा जाळीत पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि तो स्वतःहून शेपूट मारून निघेपर्यंत पोटाखाली हात धरावा. फोटो पाण्यातच घ्यावा. तिथे 16 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला, पाहुण्यालासुद्धा, परवाना लागतो. कोणत्या तळ्यात कोणते आमिष चालते व किती मासे नेता येतात याचे नियम तळ्यागणिक बदलतात, ते जावयांना आधी पाहायला सांगावे.

प्रश्न : परभणीजवळ माझे अस्तर टाकलेले शेततळे आहे. एका विक्रेत्याने रेनबो ट्राउटची बोटुकली देऊ केली आहे. परभणीत हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांवर येतो, म्हणून हा मासा इथे जगेल, असे त्याचे म्हणणे आहे. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. तो पारा पहाटेच्या हवेचा असतो आणि तोही मोजक्या दिवसांचा. पाणी हवेइतके झटकन थंड होत नाही. शिवाय विक्रीयोग्य होण्यास ट्राउटला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणजे मधला उन्हाळा त्याला काढावाच लागणार, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा 40 अंशांच्या पुढे जाते. विहिरीचे पाणी सोडून तळे थंड ठेवण्याचा विचार कराल तर तोही उपयोगाचा नाही. भूजलाचे तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीइतके, म्हणजे आपल्याकडे 26 अंशांच्या आसपास असते. आपल्या पायाला जे गार वाटते, ते ट्राउटच्या जिवावर उठते. भारतात हा मासा काश्मीरमध्ये कोकरनाग, हिमाचलात पतलीकुहल, सिक्कीम आणि दक्षिणेत निलगिरी व मुन्नारच्या उंचावर वाढवला जातो, तोही बहुतेक ठिकाणी सतत वाहत्या थंड पाण्यात. पाणी यंत्राने थंड करून तो कुठेही वाढवता येतो, पण तो विजेच्या मोठ्या बिलाचा वेगळा धंदा आहे.

तुमच्या तळ्याला कटला, रोहू आणि मृगळ हेच त्रिकूट योग्य. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे एकाच तळ्यातले तिन्ही मजले कामी येतात. पावसाने तळे भरल्यावर, शक्य तितकी मोठी बोटुकली शासकीय मत्स्यबीज केंद्रातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी. ती सकाळी लवकर आणावी, बांधलेली पिशवी वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून तळ्याचे थोडे थोडे पाणी आत घ्यावे आणि पिल्ले आपणहून बाहेर पडेपर्यंत पिशवी आडवी धरून ठेवावी.