बाल्सा बदलू नका, आधी जिगखालची फळी तपासा

मॉडेल विमानाचा पंख जिगमधून (जुळवताना पंख सरळ धरणाऱ्या साच्यातून) पिळलेला निघाला, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझा दोन पावसाळ्यांपूर्वीचा पंख आठवला. दीड मीटरचा ट्रेनर (शिकाऊ विमान), रिबच्या, म्हणजे पंखाच्या फासळ्यांच्या, भोकांतून ओवलेले जिगचे दोन रॉड, सगळं मापात. तरी जिगमधून काढल्यावर उजव्या टोकाची मागची कड 5 मिमी खाली. आता तुम्ही बाल्साला, म्हणजे पंखाच्या हलक्या लाकडाला, दोष देऊन नवीन मागवायला निघाला आहात. जरा थांबा.

रिब कापणं, स्पार (पंखाचा लांब कणा) निवडणं तुम्हाला येतंच असं धरतो. रॉड धरणारे जिगचे खांब प्लायच्या फळीवर स्क्रूने बसवलेत आणि काम झालं की फळी भिंतीला टेकवून ठेवता, असं तुम्हीच लिहिलंय. घर गुहागरला, महिना जुलै. मीही हेच केलं होतं. साधा कमर्शियल प्लाय, एक अंग पडवीच्या ओल्या भिंतीकडे. फळी पिळली. गंमत अशी की तेव्हाही दोन्ही रॉड सरळच दिसतात. फक्त ते एकमेकांना समांतर राहत नाहीत, म्हणून प्रत्येक रिब आधीच्या रिबपेक्षा केसभर जास्त कलते. डोळ्याला काही कळत नाही. वाडीतल्या सुतारकाकांनी मात्र एका नजरेत सांगितलं, "फळीच वाकडी आसा, तुमचो पंख सरळ कसो येतलो?"

पण ते नंतर. त्याआधी मी त्याच फळीवर पुढच्या कडेचं शीटिंग (बाल्साचं पातळ आवरण) दोन्ही बाजूंनी चिकटवून टाकलं होतं. तोवर सांगाडा हातानेही वळतो; वरचं-खालचं शीट आणि शिअर वेब (वरच्या-खालच्या स्पारमधल्या उभ्या पट्ट्या) जुळले की ती बंद नळी होते आणि पीळ आत कायमचा अडकतो. पंखावर चढवलेल्या प्लास्टिक फिल्मवर हीट गन मारून उलटा पिळून पाहिला, दुसऱ्या दिवशी जैसे थे. मग सगळ्यात मोठा मूर्खपणा: "ट्रिमने भागेल" म्हणून, रिमोटवरून बारीक दुरुस्ती करत, सड्यावर (कातळाच्या माळावर) उडवला. वेगात खरंच भागलं. उतरायला वेग कमी केला, तर ज्या टोकाची मागची कड खाली होती तेच आधी स्टॉल झालं (त्याची उचल गेली) आणि विमान त्या अंगावर कातळात. मोटर, सर्व्हो, सगळं गेलं.

वर नवीन बाल्सा मागवला, तर तालुक्याच्या पार्सल ऑफिसात (नाव घेत नाही) 9 दिवस "अजून आलंच नाही". शेवटी बंडल सापडलं ते त्यांच्याच दारात, पागोळ्यांखाली. सही आधी, मगच पार्सल उघडायचं म्हणे! पावसाळ्यात बाल्सा मागवूच नये या मताचा मी तेव्हापासून झालो.

आता तुमचं. खालचं शीट अजून लागलं नसेल तर पंख वाचला. सपाट पाटावर घ्या, प्रत्येक रिबच्या मागच्या कडेची उंची मोजा, खाली पट्ट्या सारून सारखी करा, मगच शीट लावा आणि रात्रभर हलवू नका. दोन्ही शीट लागली असतील, तर खालचं शीट स्पारच्या कडेने ब्लेडने मोकळं करून हेच करायचं. मी दुसऱ्या एका पंखावर केलंय, चाललं. मी इंजिनियर नाही; तुमच्या प्लॅनमध्ये वॉशआउट (टोकांना मुद्दाम दिलेला पीळ) दिला असेल तर प्लॅनचं ऐका. फक्त दोन्ही टोकांना सारखाच हवा.

पाट म्हणून माझ्याकडे ओट्याचा उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा आहे. मार्बलवाल्याकडे असे तुकडे पडलेले असतात. त्यात पिना टोचत नाहीत ही तक्रार येईल, पण रिब रॉडवर असताना पिना हव्यात कशाला? खांब अराल्डाइटने चिकटवा. रॉड लोखंडी घेऊ नका, आपल्या खाऱ्या हवेत गंजतात आणि काढताना भोकं ओरबाडतात. ॲल्युमिनियमची नळी बरी, पण घेताना दुकानातल्या काचेवर लोळवून सरळ आहे का बघा. दुकानदार हसतो, हसू दे. आणि पातळ शीटला फेविकॉल जपून लावा, पाण्याने ते फुगतं.

खालचं शीट लागलंय की नाही, तेवढं कळवा.