मनोरुग्ण, मनोविकल आणि ‘वेडाच्या भरात’

प्रश्न असा आहे: खुनाच्या बातमीत आरोपीला कधी ‘मनोरुग्ण’ म्हणतात, कधी ‘मनोविकल’, तर कधी त्याने ‘वेडाच्या भरात’ कृत्य केलं असं छापतात. तिन्हींचा अर्थ एकच का?

नाही. ‘मनोरुग्ण’ हा दवाखान्यातला शब्द, ‘मनोविकल’ कोर्टातला. स्किझोफ्रेनियावर वर्षानुवर्षं गोळ्या घेणारा माणूस मनोरुग्ण असतोच; पण बांधाच्या भांडणावरून ठरवून त्याने कोयता चालवला, तर कायदा त्याला मनोविकल म्हणेलच असं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (१८६० च्या दंड संहितेत हे कलम ८४ होतं) एवढंच विचारतं: कृत्य करतेवेळी, मन विकल असल्यामुळे, आपण काय करतोय किंवा ते गैर वा बेकायदा आहे हे समजण्याची कुवतच त्याच्यात नव्हती का? सगळा जोर ‘करतेवेळी’ या शब्दावर. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या गुजरातमधल्या एका खटल्यात हेच ठासून सांगितलं.

यावरून संसदेतही खल झाला. २०२३ च्या मूळ विधेयकात इथे ‘मानसिक आजार’ असा शब्द होता. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या अवस्थाही येतात, म्हणजे स्वतःहून ढोसून सुरा काढणाऱ्यालाही वाट मोकळी! संसदीय समितीने हरकत घेतली आणि जुनी विकल मनाची भाषा परत आली. योग्यच झालं.

अशा खटल्यात कोर्टाला मत देणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचं काम इथेच अवघड होतं. आरोपी त्याच्यासमोर बसतो तो काही महिन्यांनी, बहुधा औषधं सुरू झाल्यावर. आणि सांगायचं असतं त्या रात्रीच्या मनाबद्दल. म्हणून चाचण्या नि मुलाखतीइतकेच जुने केसपेपर, घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं सांगणं महत्त्वाचं. हत्यार लपवलं का, पळून गेला का, रक्ताचे कपडे धुतले का, हेही पाहतात. सोंग आहे का, तेही तपासावं लागतं. मत तज्ज्ञाचं, निर्णय मात्र न्यायाधीशाचा. (कोर्टासाठी मन तपासणाऱ्या या शाखेला सर्रास ‘न्यायवैद्यक’ म्हणतात, पण ते वैद्यकापुरतं. ‘न्यायसहायक मानसशास्त्र’ बरं. मुंबईत कलिन्याला गुन्ह्यांचे पुरावे तपासणारी सरकारी प्रयोगशाळा आहे, तिच्या पाटीवरही ‘न्यायसहायक’च आहे.)

राहिलं ‘वेडाच्या भरात’. बातमीदार बहुतेक वेळा ‘रागाच्या भरात’च्या चालीवर ते ठोकून देतात. पण रागाचा भर म्हणजे कायद्यातला गंभीर आणि अचानक प्रक्षोभ. तो सिद्ध झाला तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, शिक्षा टळत नाही. मनोविकलता सिद्ध झाली तर गुन्हाच उरत नाही. तरी ‘सुटका’ लिहिताना जपून: असा माणूस कोर्टातून थेट घरी जातोच असं नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायला सांगू शकतं, किंवा जामीन घेऊन नातेवाइकांच्या हवाली करतं. बातमीत ‘दोषमुक्त, मनोरुग्णालयात रवानगी’ असं लिहिता येतं.